कार्ल अर्न्स्ट क्लाउस

कार्ल अर्न्स्ट क्लाउस (जन्म : डोर्पाट, २२ जानेवारी १७९६, मृत्यू : डोर्पाट, २४ मार्च १८६४) हे रशियन साम्राज्यातील बाल्टिक जर्मन वंशाचे रसायनशास्त्रज्ञ, औषधनिर्माणतज्ज्ञ आणि वनस्पतींचे अभ्यासक होते. प्लॅटिनम गटातील सहा धातूंपैकी सर्वांत शेवटी सापडलेल्या रुथेनियम या मूलद्रव्याचा शोध त्यांनी १८४४ मध्ये कझान विद्यापीठात लावला. त्या काळातील सर्वांत अधिकारी समजल्या जाणाऱ्या रसायनशास्त्रज्ञाने हा शोध प्रथम अमान्य केला होता. क्लाउस यांनी वादविवाद न वाढवता नव्या धातूची एकामागून एक संयुगे तयार करून आपले म्हणणे सिद्ध केले. रुथेनियमच्या संयुगांचे रंग, त्यांचे उष्णतेखालील वर्तन आणि अमोनियाशी होणारा त्यांचा संयोग यांचा पाया क्लाउस यांच्या प्रयोगांनी घातला. रशियन ग्रंथांत त्यांचा उल्लेख कार्ल कार्लोविच क्लाउस असा आढळतो.

बालपण आणि शिक्षण

क्लाउस यांचा जन्म लिव्होनिया प्रांतातील डोर्पाट या विद्यापीठनगरीत झाला. हे शहर आज एस्टोनियात असून त्याचे नाव तार्तू आहे. त्यांचे वडील चित्रकार होते. क्लाउस चार वर्षांचे असताना वडिलांचे निधन झाले. आईने पुनर्विवाह केला. परंतु दोनच वर्षांनी तीही वारली आणि सहाव्या वर्षी हा मुलगा पोरका झाला. शालेय शिक्षण पूर्ण होण्यापूर्वीच, चौदाव्या वर्षी, त्यांना पोटापाण्यासाठी सेंट पीटर्सबर्ग येथे जावे लागले. तेथे एका औषधालयात ते उमेदवार म्हणून काम करू लागले.

त्या काळचे औषधालय ही एक छोटी प्रयोगशाळाच असे. अर्क काढणे, क्षार शुद्ध करणे, ऊर्ध्वपातन करणे, अचूक वजन करणे ही कामे औषधविक्रेत्याला स्वतः करावी लागत. क्लाउस यांचे रसायनशास्त्राचे पहिले शिक्षण अशा कामातून झाले. दिवसभर काम आणि उरलेल्या वेळात वाचन असा त्यांचा क्रम होता. विद्यापीठाच्या वर्गात नियमित न बसता, स्वाध्यायाच्या बळावर, त्यांनी डोर्पाट विद्यापीठाची औषधविक्रेत्याची परीक्षा उत्तीर्ण केली.

औषधालय आणि वनस्पतींचा अभ्यास

पुढे क्लाउस व्होल्गा नदीकाठच्या सारातोव्ह येथे नोकरीस गेले. १८२१ मध्ये त्यांचा विवाह अर्नेस्टिन बाटे यांच्याशी झाला. त्यांना तीन मुली झाल्या. १८२६ मध्ये त्यांनी कझान येथे स्वतःचे औषधालय सुरू केले आणि त्यास चांगले यश मिळाले.

व्होल्गा आणि उरल यांच्या दरम्यानच्या विस्तीर्ण गवताळ प्रदेशातील वनस्पतींचे त्यांना मोठे आकर्षण होते. १८२७ मध्ये निसर्गअभ्यासक एडुआर्ड एव्हर्समान यांच्याबरोबर त्यांनी त्या प्रदेशात प्रवास केला. वनस्पतींचे नमुने गोळा करणे, त्यांची वर्गवारी लावणे आणि एकमेकींसारख्या दिसणाऱ्या दोन जातींमधील सूक्ष्म फरक टिपणे ही सवय त्यांना या भटकंतीत लागली. पुढे दिसायला सारख्या असलेल्या धातूंमध्ये भेद करताना ती सवय त्यांच्या उपयोगी पडली. मोहरीच्या कुलातील एका वनस्पतिप्रजातीला त्यांच्या सन्मानार्थ क्लाउसिया हे नाव देण्यात आले आहे. व्होल्गाकाठच्या स्थानिक वनस्पतींवरील त्यांचा ग्रंथ १८५१ मध्ये प्रसिद्ध झाला.

वयाच्या पस्तिसाव्या वर्षी, १८३१ मध्ये, क्लाउस यांनी उत्तम चाललेले औषधालय विकले आणि ते डोर्पाटला परतले. पत्नी व मुली यांची जबाबदारी असताना स्थिर उत्पन्न सोडून विद्यार्थिदशा पत्करणे हा धाडसाचा निर्णय होता. डोर्पाट विद्यापीठाच्या रसायनशाळेत त्यांनी साहाय्यकाची जागा घेतली आणि तेथे राहून पदवीचे शिक्षण पुरे केले. १८३४ मध्ये प्राध्यापक फ्रीडेमान गोबेल यांच्याबरोबर ते दक्षिण रशियाच्या क्षारयुक्त गवताळ प्रदेशाच्या अभ्यासदौऱ्यावर गेले. या दौऱ्याचा वृत्तांत १८३८ मध्ये दोन खंडांत प्रसिद्ध झाला. त्यातील वनस्पतींविषयीचा भाग क्लाउस यांच्या कामावर आधारलेला आहे.

कझान विद्यापीठ

१८३७ मध्ये क्लाउस यांची कझान विद्यापीठात नेमणूक झाली आणि तेथील रसायनशाळा त्यांच्याकडे सोपवण्यात आली. त्या वेळी नव्या भूमितीचे जनक निकोलाय लोबाचेव्हस्की हे विद्यापीठाचे कुलगुरू होते. राजधानीपासून दूर असलेल्या या विद्यापीठात रसायनशास्त्राला थोड्याच वर्षांत विलक्षण बहर आला. निकोलाय झीनिन यांनी १८४२ मध्ये नायट्रोबेंझिनपासून अॅनिलीन तयार करण्याची पद्धत येथेच शोधली. त्यानंतर दोनच वर्षांनी क्लाउस यांनी नवे मूलद्रव्य शोधले. पुढे रासायनिक संरचनेचा सिद्धांत मांडणारे अलेक्सांद्र बुतलेरोव हे या दोघांचे विद्यार्थी होते.

कझानमधील सुरुवातीच्या काळात क्लाउस यांनी सेर्गियेव्स्क येथील गंधकयुक्त झऱ्यांच्या पाण्याचे रासायनिक विश्लेषण केले. १८४४ मध्ये ते पूर्ण प्राध्यापक झाले. त्याआधीच, १८४० च्या सुमारास, त्यांनी आयुष्यभर पुरलेल्या विषयाला हात घातला होता. तो विषय म्हणजे उरल पर्वतातील प्लॅटिनम खनिजाचे अवशेष.

प्लॅटिनमच्या अवशेषांचा प्रश्न

उरल पर्वतात प्लॅटिनमचे विपुल साठे सापडल्यावर रशियाने १८२८ पासून प्लॅटिनमची नाणी पाडण्यास सुरुवात केली. तीन, सहा आणि बारा रूबल अशा मूल्यांची ही नाणी १८४५ पर्यंत काढली जात होती. नाण्यांसाठी लागणारा धातू पीटर्सबर्गच्या टांकसाळीत शुद्ध केला जाई. खनिज अम्लराजात विरघळवून त्यात नवसागर मिसळला की प्लॅटिनमचा पिवळा साका तळाशी बसे. तो तापवला की सच्छिद्र धातू मिळे. मात्र खनिजाचा काही भाग अम्लराजातही विरघळत नसे. हा काळपट अवशेष टांकसाळीत वर्षानुवर्षे साठत राहिला.

या अवशेषात काय आहे, हा प्रश्न जुना होता. वुलस्टन यांनी पॅलॅडियम व ऱ्होडियम आणि टेनंट यांनी ऑस्मियम व इरिडियम हे धातू एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी प्लॅटिनमच्या खनिजातून वेगळे केले होते. १८०८ मध्ये आंद्झेय श्न्यादेत्स्की यांनी दक्षिण अमेरिकेतील प्लॅटिनम खनिजात आणखी एक धातू असल्याचे जाहीर केले. परंतु इतरांना तो आढळला नाही आणि त्यांनी दावा सोडून दिला. १८२८ मध्ये डोर्पाटचे प्राध्यापक गॉटफ्रीड ओसान यांनी उरल खनिजात तीन नवी मूलद्रव्ये असल्याचे सांगून त्यांना प्लुरेनियम, पोलिनियम आणि रुथेनियम अशी नावे दिली. स्वीडनचे ख्यातनाम रसायनशास्त्रज्ञ यन्स याकोब बर्झीलियस यांनीही त्या खनिजाचे विश्लेषण केले होते. त्यांना तेथे नवे काही आढळले नाही, आणि ओसान यांनाही आपला दावा मागे घ्यावा लागला.

अशा दोन फसलेल्या दाव्यांनंतर त्याच खनिजात नवे मूलद्रव्य असल्याचे पुन्हा म्हणणे म्हणजे आपली प्रतिष्ठा पणाला लावणेच होते. क्लाउस यांचा मूळ हेतूही मर्यादित होता. ओसान यांचे प्रयोग तपासून पाहावेत आणि विद्यापीठाच्या संग्रहासाठी प्लॅटिनम धातूंची काही संयुगे तयार करावीत, एवढाच त्यांचा विचार होता.

रुथेनियमचा शोध

क्लाउस यांनी टांकसाळीतून प्रथम दोन पौंड अवशेष मिळवले. त्याचे पृथक्करण केल्यावर त्यांना आश्चर्याचा धक्का बसला. टाकाऊ समजल्या गेलेल्या या पदार्थात सुमारे दहा टक्के प्लॅटिनम शिल्लक होते. शिवाय इरिडियम, ऱ्होडियम, ऑस्मियम आणि पॅलॅडियमही त्यात होते. ही गोष्ट त्यांनी पीटर्सबर्गला जाऊन अर्थमंत्री काउंट कांक्रीन यांच्या कानावर घातली. सरकारी खजिन्याच्या दृष्टीने ही माहिती मोलाची असल्याने त्यांना पुढील कामासाठी आणखी मोठा साठा देण्यात आला.

हे काम अत्यंत कष्टाचे होते. अम्लराजाला दाद न देणारा अवशेष क्लाउस दाहक पोटॅश व सोरा यांच्याबरोबर मुशीत तापवून वितळवीत. थंड झालेला गोळा पाण्यात टाकला की नारिंगी रंगाचा विद्राव मिळे. त्यात नायट्रिक अम्ल घातल्यावर काळा साका खाली बसे. या साक्यात ऑस्मियमबरोबर आणखी काही तरी होते. साका अम्लराजाबरोबर तापवून ऊर्ध्वपातन केले की ऑस्मियम त्याच्या बाष्पनशील टेट्राऑक्साइडच्या रूपाने निघून जाई. मागे उरलेल्या विद्रावातून अमोनियम व पोटॅशियम यांचे स्फटिकरूप क्षार मिळत. अमोनियम क्षार तापवला असता अमोनिया आणि क्लोरीन निघून जाऊन करड्या रंगाचा सच्छिद्र धातू उरे. या धातूचे गुणधर्म ज्ञात असलेल्या पाच सोबत्यांपैकी एकाशीही जुळत नव्हते.

१८४४ मध्ये क्लाउस यांच्या हाती या नव्या धातूचे सुमारे सहा ग्रॅम आले. त्यांनी त्याला रुथेनियम हे नाव दिले. रुथेनिया हे रशियाचे लॅटिन नाव आहे. नावाच्या निवडीत आणखी एक भावना होती. ओसान यांनी ज्याला रुथेनियमचे ऑक्साइड म्हटले होते, ते बहुतांशी इतर पदार्थांचे मिश्रण असल्याचे क्लाउस यांना आढळले होते. तरीही त्यात नव्या धातूचा अल्पसा अंश असावा, असे मानून त्यांनी ओसान यांचे नाव कायम ठेवले. आपल्या आधी त्या वाटेने जाऊन चुकलेल्या माणसाचे श्रेय त्यांनी असे जपले.

बर्झीलियस यांच्याशी मतभेद

त्या काळी नवे मूलद्रव्य मान्य होण्यासाठी बर्झीलियस यांच्या मताला फार महत्त्व होते. सेलेनियम, थोरियम आणि सिरियम यांच्या शोधांशी त्यांचे नाव जोडलेले होते. अणुभारांची कोष्टके आणि मूलद्रव्यांची आजची चिन्हपद्धती ही त्यांचीच देणगी होती. प्लॅटिनम धातूंवर त्यांनी स्वतः दीर्घकाळ काम केले होते. क्लाउस यांनी नव्या धातूच्या संयुगांचे नमुने त्यांच्याकडे स्टॉकहोमला पाठवले. बर्झीलियस यांनी तपासणी करून हा नवा धातू नसून अशुद्ध इरिडियम असल्याचे मत कळवले.

हा निर्णय क्लाउस यांना जड जाणारा होता. कझानसारख्या दूरच्या विद्यापीठातील, औषधालयातून वर आलेल्या प्राध्यापकाचे म्हणणे एका बाजूला आणि युरोपातील सर्वमान्य अधिकारी पुरुषाचे मत दुसऱ्या बाजूला, असा हा सामना होता. ओसान यांच्याप्रमाणे दावा मागे घेण्याचा मार्ग त्यांना मोकळा होता. क्लाउस यांनी तो स्वीकारला नाही. बर्झीलियस यांच्याविषयीचा आदर तसूभरही कमी न होऊ देता त्यांनी प्रयोग चालू ठेवले. प्रत्येक नवे संयुग तयार झाले की त्याचा नमुना आणि तो मिळवण्याची कृती ते स्टॉकहोमला पाठवू लागले. कोणालाही ती कृती करून पाहता यावी, असा त्यांचा आग्रह होता.

इरिडियम आणि रुथेनियम यांचे क्षार पुष्कळदा सारखे दिसतात. परंतु प्रक्रियेत त्यांचे वर्तन वेगळे असते. रुथेनियम क्लोराइडच्या विद्रावातून हायड्रोजन सल्फाइड वायू सोडला असता तपकिरी साका पडतो आणि वर राहिलेला विद्राव सुंदर निळा होतो. इरिडियमचा विद्राव असे वागत नाही. हा निळा रंग क्लाउस यांच्या हातातील एक महत्त्वाचा पुरावा ठरला. नमुने आणि वर्णने यांचा असा संग्रह समोर आल्यावर बर्झीलियस यांनी १८४५ मध्ये आपले मत बदलले आणि रुथेनियम हे स्वतंत्र मूलद्रव्य असल्याचे मान्य केले.

उरलमधील अवशेष आणि रुथेनियम यांवरील क्लाउस यांचा प्रबंध कझान येथे प्रसिद्ध झाला. त्याबद्दल पीटर्सबर्गच्या विज्ञान अकादमीने त्यांना डेमिडोव्ह पुरस्कार देऊन गौरवले.

प्रयोगाची पद्धत आणि तिचे धोके

क्लाउस यांच्या काळात पदार्थाची चव आणि वास हेही परीक्षेचे साधन मानले जाई. क्लाउस मात्र या बाबतीत इतरांच्या फार पुढे गेले होते. अम्लाची तीव्रता पाहण्यासाठी ते त्यात बोट बुडवून जिभेला लावीत, अशी आठवण त्यांच्या विद्यार्थ्यांत सांगितली जाई. रुथेनियमच्या सुरुवातीच्या संयुगांपैकी एकाची चव घेताना त्यांचे तोंड चांगलेच भाजले होते.

यापेक्षा अधिक धोका ऑस्मियम टेट्राऑक्साइडचा होता. हा पदार्थ सामान्य तापमानालाच वाफ बनून उडतो आणि त्याची वाफ डोळे व फुप्फुसे यांना घातक असते. ऑस्मियम वेगळे केल्याशिवाय रुथेनियम मिळत नसल्याने या वाफेशी क्लाउस यांचा सतत संबंध येई. १८४५ मध्ये तिची बाधा होऊन त्यांना सुमारे दोन आठवडे काम थांबवावे लागले. आजच्या प्रयोगशाळेत असे पदार्थ केवळ बंदिस्त वायुवीजनाच्या कपाटात हाताळले जातात, आणि रसायनांची चव घेण्यास सर्वत्र सक्त मनाई आहे.

रुथेनियमच्या संयुगांचा अभ्यास

मूलद्रव्याला मान्यता मिळाल्यावर क्लाउस यांनी विषय सोडला नाही. रुथेनियम निरनिराळ्या प्रमाणांत ऑक्सिजनशी संयोग पावतो, हे त्यांनी दाखवले. धातू हवेत तीव्रपणे तापवला की निळसर काळे डायऑक्साइड तयार होते. वितळलेल्या अल्कलीत ऑक्सिडीकारकाच्या साह्याने तो विद्राव्य रुथेनेट क्षारात बदलतो. या क्षाराच्या विद्रावावर क्लोरीनची क्रिया केली असता बाष्पनशील टेट्राऑक्साइड मिळते. हे संयुग क्लाउस यांनी १८६० च्या सुमारास मिळवून त्याचे वर्णन केले.

रुथेनियम टेट्राऑक्साइडचे उष्णतेखालील वर्तन लक्षणीय आहे. त्याचे पिवळे स्फटिक सुमारे २५ अंश सेल्सिअसला, म्हणजे आपल्याकडील साध्या दिवसाच्या तापमानालाच, वितळतात. ज्या धातूचा वितळबिंदू २,३०० अंशांहून अधिक आहे, त्याचे संयुग इतके उडून जाणारे असावे ही नवलाची गोष्ट होती. ऑस्मियमचे टेट्राऑक्साइड विघटन न होता उकळते. रुथेनियमचे टेट्राऑक्साइड मात्र १०० अंशांच्या पुढे तापवल्यास स्फोट होऊन डायऑक्साइड व ऑक्सिजन यांत मोडते. कागद, अल्कोहॉल यांसारख्या कार्बनी पदार्थांशी संबंध आला तरी ते जोराने ऑक्सिजन देऊन टाकते.

ऑस्मियम आणि रुथेनियम यांच्यातील हे साम्य आणि हा भेद क्लाउस यांनी नेमका हेरला. प्लॅटिनम गटातील धातू त्यांनी दोन रांगांत मांडले. रुथेनियम, ऱ्होडियम व पॅलॅडियम हे हलके धातू एका रांगेत आणि ऑस्मियम, इरिडियम व प्लॅटिनम हे जड धातू दुसऱ्या रांगेत ठेवल्यास रुथेनियम व ऑस्मियम, ऱ्होडियम व इरिडियम, पॅलॅडियम व प्लॅटिनम अशा समान स्वभावाच्या जोड्या तयार होतात, हे त्यांनी दाखवले. मेंडेलेव्ह यांची आवर्त सारणी १८६९ मध्ये प्रसिद्ध झाली. आजच्या सारणीतही हे सहा धातू याच जोड्यांनी एकाखाली एक मांडलेले आहेत.

क्लाउस यांच्या कामात काही त्रुटीही राहिल्या. त्यांनी रुथेनियमचा साधा क्लोराइड क्षार म्हणून वर्णिलेल्या एका लाल क्षारात वस्तुतः नायट्रिक ऑक्साइडचा रेणू बांधलेला असतो, हे फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ जोली यांनी १८८० च्या दशकाच्या अखेरीस दाखवून दिले. सोरा आणि नायट्रिक अम्ल यांचा वापर करणाऱ्या पद्धतीत असा रेणू संयुगात शिरणे स्वाभाविक होते. क्लाउस यांच्या काळातील साधनांनी तो ओळखणे कठीण होते.

अमोनिया संयुगांचा सिद्धांत

प्लॅटिनम धातूंचे क्लोराइड अमोनियाशी संयोग पावून स्थिर संयुगे बनवतात. या संयुगांत अमोनिया नेमका कोणत्या रूपात असतो, हा त्या काळी वादाचा विषय होता. ही संयुगे म्हणजे अमोनियम क्षारच असून त्यांतील हायड्रोजनची जागा धातूने घेतलेली असते, असे अनेक रसायनशास्त्रज्ञ मानीत. डोर्पाट येथे १८५४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्लॅटिनम धातूंवरील ग्रंथात आणि त्यानंतरच्या लेखात क्लाउस यांनी वेगळे मत मांडले.

त्यांच्या मते, धातूच्या क्लोराइडशी अमोनियाचे अनेक भाग संयोग पावले की अमोनियाचा क्षारकीय गुण लोप पावतो. तो नेहमीच्या परीक्षांनी ओळखता येत नाही आणि साध्या अदलाबदलीच्या विक्रियेने बाहेरही काढता येत नाही. अशा संयुगातील क्लोरीनच्या जागी ऑक्सिजन आणल्यास तीव्र क्षारक मिळतो. हा क्षारक किती अम्ल उदासीन करील, हे त्यातील अमोनियाच्या संख्येवर अवलंबून नसते, तर ऑक्सिजनवर अवलंबून असते. धातूशी किती अमोनिया जोडला जाईल, हेही मनमानीपणे ठरत नाही. त्याच धातूच्या ऑक्साइडशी पाण्याचे जितके भाग जोडले जातात, त्या संख्येशी त्याचे नाते असते.

एका उदाहरणाने हा मुद्दा स्पष्ट होईल. कोबाल्टच्या एका पिवळ्या क्षारात एका धातुअणूमागे अमोनियाचे सहा रेणू आणि क्लोरीनचे तीन अणू असतात. त्यापासून मिळणारा क्षारक अम्लाचे तीनच भाग घेतो. अमोनियाचे सहा रेणू तेथे असूनही अम्लाच्या दृष्टीने जणू नसल्यासारखे असतात. अमोनियाच्या या अवस्थेला क्लाउस यांनी निष्क्रिय म्हटले.

या मतावर कार्ल व्हेल्टसीन आणि इतर रसायनशास्त्रज्ञांनी कठोर टीका केली. अमोनिया एकदा सक्रिय आणि एकदा निष्क्रिय कसा असू शकतो, असा त्यांचा आक्षेप होता. क्लाउस यांच्या हयातीत हा सिद्धांत मान्य झाला नाही. १८९३ मध्ये आल्फ्रेट वेर्नर यांनी सहसंबद्ध संयुगांचा सिद्धांत मांडला. धातूच्या अणूभोवती ठराविक संख्येने रेणू थेट बांधलेले असतात आणि पाणी व अमोनिया यांचे रेणू तेथे एकमेकांची जागा घेऊ शकतात, असे त्यांनी प्रतिपादले. क्लाउस यांच्या विधानांतील मुख्य गाभा त्यात पुन्हा दिसून येतो. रुथेनियमच्या बाबतीत क्लाउस यांना स्वतःच्या हयातीत न्याय मिळाला. अमोनिया संयुगांच्या बाबतीत तो मिळण्यास त्यांच्या मृत्यूनंतर जवळजवळ तीस वर्षे जावी लागली.

डोर्पाटला परत आणि अखेरची वर्षे

१८५२ मध्ये क्लाउस डोर्पाट विद्यापीठात औषधनिर्माणशास्त्राचे प्राध्यापक झाले. ज्या विद्यापीठात त्यांनी बाहेरून परीक्षा दिली होती आणि पुढे साहाय्यक म्हणून काम केले होते, तेथेच ते आता विभागाचे प्रमुख म्हणून आले. कझानमधील रसायनशास्त्राच्या अध्यापनाची धुरा बुतलेरोव यांनी सांभाळली. १८६१ मध्ये पीटर्सबर्गच्या विज्ञान अकादमीने क्लाउस यांना पत्रव्यवहारी सदस्य म्हणून निवडले.

१८६३ मध्ये त्यांनी पश्चिम युरोपचा प्रवास केला. प्लॅटिनम धातूंवर काम करणारी माणसे आणि प्रयोगशाळा पाहण्याचा त्यांचा उद्देश होता. या धातूंविषयी ज्ञात असलेले सर्व काही एकत्र आणणारा एक मोठा ग्रंथ त्यांनी लिहावयास घेतला होता. तो पूर्ण होण्यापूर्वीच २४ मार्च १८६४ रोजी डोर्पाट येथे त्यांचे निधन झाले. मृत्युसमयी ते ६८ वर्षांचे होते. अपूर्ण ग्रंथाचा लिहून झालेला भाग १८८३ मध्ये पीटर्सबर्ग येथे प्रसिद्ध करण्यात आला. डोर्पाटमधील त्यांच्या जागी गेओर्ग ड्रागेनडॉर्फ यांची नेमणूक झाली.

वारसा

क्लाउस यांच्या मृत्यूनंतर दीर्घकाळ रुथेनियम हा प्रयोगशाळेतील दुर्मीळ पदार्थ होता. १८९२ मध्ये जोली यांनी अमोनियाचा समावेश असलेले रुथेनियम रेड हे संयुग तयार केले. वनस्पतींच्या पेशीभित्तीतील पेक्टिन रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्यासाठी ते वापरले जाऊ लागले. वनस्पतींचे अभ्यासक असलेल्या क्लाउस यांच्या धातूला मिळालेला हा उपयोग त्यांच्या दोन्ही विषयांना जोडणारा आहे.

विसाव्या शतकात रुथेनियमच्या संयुगांना मोठे महत्त्व आले. १९६५ मध्ये अॅलन आणि सेनॉफ यांनी टोराँटो येथे रुथेनियम व अमोनिया यांच्या एका संयुगात नायट्रोजनचा रेणू बांधलेला असल्याचे दाखवले. धातूशी असा बांधलेला नायट्रोजन तेव्हा प्रथमच आढळला. रुथेनियमच्या अमोनिया संयुगांवर विस्तृत काम करणारे हेन्री टाउबे यांना धातुसंयुगांतील इलेक्ट्रॉन स्थानांतरणाच्या संशोधनाबद्दल १९८३ चे नोबेल पारितोषिक मिळाले. रुथेनियमच्या उत्प्रेरकांनी औषधी द्रव्यांच्या निर्मितीत क्रांती घडवली. रेणूचे डावे-उजवे रूप निवडून हायड्रोजन जोडणाऱ्या उत्प्रेरकांसाठी रिओजी नोयोरी यांना २००१ मध्ये आणि कार्बनी रेणूंतील दुहेरी बंधांची अदलाबदल घडवणाऱ्या उत्प्रेरकांसाठी रॉबर्ट ग्रब्ज यांना २००५ मध्ये या पारितोषिकात वाटा मिळाला. क्लोरीन व दाहक सोड्याच्या कारखान्यांत रुथेनियम डायऑक्साइडचा लेप दिलेले विद्युत् अग्र वापरले जातात. अमोनियाच्या निर्मितीतही लोहाऐवजी रुथेनियमचा उत्प्रेरक काही ठिकाणी वापरला गेला आहे.

टेट्राऑक्साइडचा उडून जाण्याचा गुणधर्म आजही अभियंत्यांना विचारात घ्यावा लागतो. अणुइंधनाच्या अवशेषांत किरणोत्सारी रुथेनियम असतो. हे अवशेष काचेत गोठवताना त्याची वाफ निसटू नये, यासाठी विशेष काळजी घेतली जाते. याच अवशेषांतून वेगळा काढलेला रुथेनियम-१०६ डोळ्याच्या कर्करोगावरील उपचारात वापरला जातो. मुंबईतील भाभा अणुसंशोधन केंद्राने त्यासाठी लागणारी चकती देशातच विकसित केली असून २०२० मध्ये तिची माहिती जाहीर झाली. टांकसाळीच्या टाकाऊ अवशेषातून वेगळा झालेला धातू सुमारे पावणेदोनशे वर्षांनी अणुभट्टीच्या अवशेषातून काढला जाऊन रुग्णांच्या उपयोगी पडत आहे.

रुथेनियमचा अणुक्रमांक ४४ आणि अणुभार १०१.०७ आहे. प्लॅटिनम गटातील इतर पाच धातूंचे शोध ज्या देशांत लागले त्यांची नावे त्या धातूंना मिळाली नाहीत. रुथेनियमच्या नावात मात्र रशियाचे नाव आहे, आणि ओसान यांचीही स्मृती आहे.